कलम्यानंतरचा करीम

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर रमजानमध्ये एक फोटो फिरतो. डोळ्यांवर गॉगल लावलेला, सात फूट दोन इंच उंचीचा एक कृष्णवर्णीय खेळाडू. उजवा हात सरळ वर, चेंडू बोटांच्या टोकावर. खाली लिहिलेलं असतं, अमेरिकेचा सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू, ज्याने इस्लाम कबूल केला. मग तीसेक जण 'माशाअल्लाह' लिहितात, एखादी खाला गुलाबाची फुलं टाकते आणि पाच मिनिटांत तो फोटो खिरखुर्म्याच्या व्हिडिओखाली गाडला जातो.

फोटोबद्दल माझी तक्रार नाही. मीही लहानपणी अशा नावांची यादी वहीत लिहून ठेवली होती. मोहम्मद अली, कॅट स्टीव्हन्स, करीम अब्दुल-जब्बार. अल्पसंख्य समाजातल्या पोराला अशी यादी खिशात असली की बरं वाटतं. तक्रार आहे ती पूर्णविराम कुठं पडतो त्याबद्दल. आपल्या फॉरवर्डमध्ये माणूस कलमा पढतो आणि गोष्ट संपते. करीमची खरी गोष्ट तिथून पुढं सुरू होते, आणि पुढची काही वर्षं ती फारशी चांगली जात नाही. आपल्या वयाच्या मुलामुलींनी वाचायला हवा तो नेमका हाच भाग.

आधी खेळाडू म्हणून तो कोण होता ते सांगतो. आपण क्रिकेटची माणसं, बास्केटबॉल म्हणजे आपल्यासाठी शाळेच्या मैदानाच्या कडेला गंजलेला एक खांब. तर या माणसाने एनबीएमध्ये १९६९ ते १९८९ असे वीस हंगाम खेळून ३८,३८७ गुण केले. १९८४ मध्ये त्याने विल्ट चेंबरलेनचा विक्रम मोडला आणि त्याचा स्वतःचा विक्रम मोडायला लेब्रॉन जेम्सला फेब्रुवारी २०२३ उजाडावं लागलं. जवळपास ३९ वर्षं. सहा वेळा विजेतेपद, एकदा मिल्वॉकी बक्सबरोबर आणि पाच वेळा लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर. सहा वेळा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. सहाचा हा आकडा आजवर कुणी गाठलेला नाही.

फोटोतला तो फटका म्हणजे 'स्कायहुक'. त्याची एक गंमत आहे. करीम कॉलेजात यूसीएलएला होता तेव्हा तो उडी मारून चेंडू थेट रिंगमधून खाली दाबायचा, ज्याला डंक म्हणतात. त्याच्यापुढं कुणाचं काही चालेना. त्याच्या संघाने १९६७ चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि त्याच वर्षी कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली. ती १९७६ पर्यंत राहिली. नियम आपल्यालाच डोळ्यांसमोर ठेवून केलाय, आणि त्यात वर्णद्वेषाचा वास आहे, असं करीमला वाटलं. त्याने काय केलं? शाळकरी वयात शिकलेला एक साधा फटका घेऊन बसला. प्रतिस्पर्ध्याकडं खांदा करायचा, म्हणजे आपलं अख्खं शरीर त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये येतं, मग हात पूर्ण ताणून सर्वांत वरच्या टोकाला मनगटातून चेंडू सोडायचा. अडवणाऱ्याचा हात तिथं पोचेपर्यंत चेंडू उतरणीला लागलेला असतो, आणि उतरता चेंडू अडवणं नियमात बसत नाही. वीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं की हा आता काय करणार आहे, तरी थांबवता येत नव्हतं. इंजिनिअर म्हणून मला या फटक्याचं फार कौतुक आहे. बंदी नसती तर तो इतका घोटला गेला असता का, कोण जाणे. कॉलेजच्या तीन वर्षांत त्याचा संघ ८८ सामने जिंकला आणि दोन हरला.

आता माणसाकडं येऊ.

त्याचा जन्म १९४७ चा, न्यूयॉर्कचा. नाव फर्डिनंड लुईस अल्सिंडर, घरचे कॅथलिक, वडिलांकडचं मूळ त्रिनिदादचं. वडील ज्युलियार्ड या नामांकित संस्थेत संगीत शिकलेले ट्रॉम्बोनवादक होते, पण कृष्णवर्णीय माणसाला त्या संगीतात पोटापुरतं काम नव्हतं, म्हणून भुयारी रेल्वेत पोलीस झाले. कमी बोलणारे गृहस्थ. मुलगा कॅथलिक शाळेत शिकला आणि तिथंच बास्केटबॉलमध्ये चमकला. त्या शाळेचा संघ सलग ७१ सामने जिंकला. त्याच शाळेत एका सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षकाने त्याच्या ढिल्या खेळावर चिडून त्याला ती वर्णवाचक शिवी घातली. बापाच्या जागी मानलेल्या माणसाच्या तोंडून आलेली ती शिवी करीम आयुष्यभर विसरला नाही. १९६४ च्या जुलैमध्ये पोलिसाने पंधरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातली आणि हार्लेम पेटलं. सतरा वर्षांचा हा मुलगा तेव्हा हार्लेममधल्या एका युवा प्रकल्पात विद्यार्थी पत्रकार होता. त्याच उन्हाळ्यात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेत हातात टेप रेकॉर्डर घेऊन तो उभा होता. पुढं लेखक होण्याची बीजं तिथली.

मग कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्याच्या हाती माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र आलं. ते नुकतंच प्रसिद्ध झालं होतं. माल्कम यांची हत्या होऊन वर्षही झालं नव्हतं. वर्गातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या पुस्तकाने आपल्याला जास्त हलवलं, असं तो सांगतो. माल्कम 'नेशन ऑफ इस्लाम' सोडून हजला गेले आणि सर्व वर्णांच्या माणसांबरोबर एका रांगेत नमाज पढून बदलून परतले, हा त्यातला भाग त्याला महत्त्वाचा वाटला. म्हणूनच त्याने 'नेशन'चा रस्ता धरला नाही, सुन्नी इस्लामकडं गेला. १९६८ मध्ये त्याने कलमा पढला. १९७१ मध्ये मिल्वॉकीला विजेतेपद मिळवून दिल्यावर करीम अब्दुल-जब्बार हे नाव जाहीरपणे लावलं.

नावाबद्दल त्याने दिलेलं कारण मला फार थेट वाटतं. अल्सिंडर हे वेस्ट इंडिजमधल्या एका फ्रेंच मळेवाल्याचं नाव होतं, त्याच्या पूर्वजांच्या मालकाचं. ते अंगावर वागवायचं त्याने नाकारलं. चाहत्यांना हे पचलं नाही. त्यांना वाटलं, आपण ज्याला डोक्यावर घेतलं तो अमेरिकेलाच नाकारतोय.

इथं मला जरा थांबायचंय, कारण आपल्यातले काही उत्साही लोक या नावाच्या गोष्टीतून भलताच अर्थ काढतात. आमचं आडनाव पाटील. गावची पाटीलकी होती, चावडीवरच्या कागदांत पणजोबांचं नाव आहे. कॉलेजात असताना मला एकाने गंभीरपणे सांगितलं होतं की हे आडनाव टाक, ते 'आपलं' नाही, बघ करीमने कसं टाकलं. अरे, पण करीमने मालकाचं नाव टाकलं. माझं आडनाव माझ्या पणजोबांचं आहे. ते मला कुणी चाबकाने दिलेलं नाही. मुलाणी, तांबोळी, अत्तार, शिकलगार, देशमुख ही आडनावं या मातीतल्या आपल्या कामाची आणि हक्काची नोंद आहेत. भाड्याने घर शोधताना एजंट 'पाटील' ऐकून खूश होतो आणि पुढं पूर्ण नाव ऐकून 'मालकांना विचारून सांगतो' म्हणतो, तो अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. पण तो प्रश्न त्या एजंटचा आणि मालकाचा, माझ्या आडनावाचा नाही.

आणि खुद्द करीमने जुनं नाव वाऱ्यावर सोडलं असंही नाही. १९९३ मध्ये जनरल मोटर्सने एका गाडीच्या जाहिरातीत त्याला न विचारता 'ल्यू अल्सिंडर' हे नाव वापरलं. तो कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं, हे नाव तर तुम्ही वीस वर्षांपूर्वीच सोडलंय. खालच्या कोर्टाने ते मान्य केलं, पण १९९६ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. जन्मनाव वापरणं बंद केलं म्हणून त्यावरचा माणसाचा हक्क संपत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

आता फॉरवर्डमध्ये कधीच नसलेला भाग.

कलमा पढल्यावर करीमला एक उस्ताद भेटले, हमास अब्दुल खालिस. एकेकाळचे जॅझ ड्रमर, 'नेशन ऑफ इस्लाम'मध्ये मोठ्या पदावर राहून बाहेर पडलेले, आता स्वतःचा हनफी गट चालवणारे. करीम म्हणजे विशीतला, घरापासून दूर असलेला, अचानक प्रसिद्ध झालेला मुलगा. त्याने स्वतःला पूर्णपणे त्यांच्या हवाली केलं. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या गटासाठी घर विकत घेऊन दिलं. लग्न कुणाशी करायचं हेही उस्तादांनी सांगितलं. करीमचं मन दुसऱ्या एका मुलीवर होतं, आईवडिलांचाही या लग्नाला विरोध होता, तरी त्याने उस्तादांनी सुचवलेल्या मुलीशी निकाह केला. आणि उस्तादांच्या सल्ल्यावरून स्वतःच्या आईवडिलांना लग्नाला बोलावलं नाही. २०१५ मध्ये 'अल जझीरा अमेरिका'साठी लिहिलेल्या लेखात त्याने हे सगळं मोकळेपणाने सांगितलंय. ही चूक दुरुस्त करायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, असं तो म्हणतो. उस्तादांच्या काही शिकवणीबद्दल तेव्हाही मनात शंका होत्या, पण रूहानी समाधान इतकं मोठं होतं की शंकांची समजूत घालत गेलो, हेही त्याने लिहिलंय.

हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. चहा गार झाला. कारण हे मी केलेलं होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर आम्हाला एक सीनियर भेटला. सगळे त्याला भाई म्हणायचे. माणूस प्रामाणिक होता, आजही मला त्याच्याबद्दल कटुता नाही. फज्रला उठवायचा, आजारी पोरांना दवाखान्यात न्यायचा, परीक्षेच्या काळात नोट्स द्यायचा. त्यामुळं त्याचं प्रत्येक वाक्य मला पुराव्याशिवाय पटायचं. त्याच वर्षी आपाचं लग्न ठरलं. आमच्याकडं हळदीला बायका ढोलक घेऊन गाणी म्हणतात, आजी असताना तर रात्रभर चालायचं. भाईने सांगितलं, अशा मजलिसला हजर राहणं दुरुस्त नाही. मी घरी फोन केला आणि सबमिशन आहे, थेट निकाहलाच येतो म्हणालो. खोटं बोललो, वर ते दीनच्या नावावर. अब्बांना कळलं असावं. ते फक्त 'ठीक है' म्हणाले. अल्बममध्ये हळदीचे सत्तावीस फोटो आहेत. एकातही मी नाही. आपाने त्यावर आजवर चकार शब्द काढलेला नाही, आणि मलाही अजून विषय काढता आलेला नाही.

ढोलक दुरुस्त की नादुरुस्त, हा वाद मला इथं घालायचा नाही. ज्याला जे योग्य वाटतं त्याने ते पाळावं. माझा मुद्दा असा की मी तेव्हा काहीच वाचलं नव्हतं, कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. कॉलेजात एखादं सूत्र सिद्ध करून दाखवल्याशिवाय मी मानत नव्हतो, आणि बहिणीच्या लग्नाबद्दलचा निर्णय मात्र हॉस्टेलच्या जिन्यावर उभ्या उभ्या घेतला. आज तो जिना मोबाइलमध्ये आहे. तीस सेकंदांचा क्लिप, पाठीमागे गंभीर आवाज, आणि समोर बसलेल्या माणसाला तुमचं घर, तुमची अम्मी, तुमचा मोहल्ला यातलं काही ठाऊक नसतं. आमच्या धंद्यात नवीन पोरगं कुठून तरी कोड उचलून चिकटवतं, चालला तर पुढं जातं. का चालला हे त्याला माहीत नसतं, म्हणून बिघडला की दुरुस्तही करता येत नाही.

करीमच्या बाबतीत जे बिघडलं ते भयंकर होतं. खालिस यांनी 'नेशन ऑफ इस्लाम'च्या प्रमुखांवर जाहीर टीका करणारी पत्रं पाठवली होती. १८ जानेवारी १९७३ रोजी 'नेशन'शी संबंधित मारेकरी करीमने घेऊन दिलेल्या त्या घरात घुसले आणि सात जणांना ठार केलं. त्यात लहान मुलं होती, नऊ दिवसांचं बाळ होतं. चार वर्षांनी, मार्च १९७७ मध्ये, त्या दुःखाने आणि सूडाने पेटलेल्या खालिस यांनी साथीदारांसह वॉशिंग्टनमधल्या तीन इमारतींत शंभरावर लोकांना ओलीस धरलं. एका तरुण पत्रकाराचा त्यात जीव गेला. खालिस मरेपर्यंत तुरुंगात राहिले.

या दोन्ही घटनांच्या दरम्यान करीमने काय केलं ते पाहा. इस्लाम सोडला असता तर अमेरिकेत टाळ्याच मिळाल्या असत्या. उलट उस्तादांच्या आणखी जवळ जाऊन बदल्याच्या भाषेत बोलायला लागला असता तर तेही त्या वयात अनैसर्गिक नव्हतं. त्याने एकाच माणसाकडून सगळं ज्ञान घेणं थांबवलं आणि स्वतः अभ्यास सुरू केला. १९७३ मध्येच तो लिबिया आणि सौदी अरेबियाला गेला. कशासाठी, तर कुरआन स्वतःला वाचता येईल इतपत अरबी शिकायला. तेव्हा तो जगातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू होता. सुट्टीत जाहिराती करून पैसे मिळवता आले असते. तो अलिफ-बे-ते पासून वही घेऊन बसला. परतताना आपला विश्वास अधिक स्वच्छ झाला होता, असं तो लिहितो. उस्तादांशी मतभेद झाले, वाटा वेगळ्या झाल्या, पण नाव राहिलं आणि श्रद्धाही राहिली.

आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणी मक्तबमध्ये कुरआन 'वाचता' येतो. अर्थ येत नाही. मराठीत, उर्दूत, इंग्रजीत तर्जुमे उपलब्ध आहेत, एक नव्हे अनेक. दोन तर्जुमे शेजारी ठेवून एकच आयत वाचली की पहिल्यांदा लक्षात येतं की माणसांनी यावर किती शतकं विचार केलाय आणि किती ठिकाणी अदबीने मतभेद नोंदवलेत. मला हे तिशीत कळलं. विशीत कळलं असतं तर हळदीच्या फोटोत असतो.

करीम आणि त्याच्या वडिलांची गोष्ट मात्र पुढं जाते. १९८५ ची फायनल. लेकर्स विरुद्ध बोस्टन सेल्टिक्स. याआधी आठ वेळा लेकर्स फायनलमध्ये बोस्टनकडून हरले होते. पहिला सामना ११४–१४८ असा गमावला, करीम आडतीस वर्षांचा, १२ गुण आणि तीन रिबाउंड. म्हातारा झाला, संपला, असं सगळ्यांनी लिहिलं. दुसऱ्या सामन्याला निघताना त्याने प्रशिक्षक पॅट रायली यांना विचारलं, माझ्या वडिलांना टीमच्या बसमधून आणू का? बसमध्ये खेळाडूंखेरीज कुणाला घ्यायचं नाही असा रायली यांचा कडक नियम. त्यांनी परवानगी दिली. वडील मुलाशेजारी बसून स्टेडियमला गेले. त्या रात्री करीमने ३० गुण, १७ रिबाउंड आणि आठ असिस्ट केले. पुढं लेकर्सने मालिका ४–२ ने जिंकली आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला करीम. एकेकाळी लग्नाला न बोलावलेला बाप त्या बसमध्ये होता. मला हे दृश्य सहाही विजेतेपदांपेक्षा मोठं वाटतं.

तो पीर किंवा वली नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्या खासगी आयुष्यात असं पुष्कळ आहे जे आपल्या फॉरवर्डमध्ये बसणार नाही. रागाच्या भरात दोनदा हात मोडून घेतला, एकदा बास्केटच्या खांबावर ठोसा मारून, एकदा प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारून. पत्रकारांशी तुटक, चाहत्यांशी थंड. ड्रेसिंग रूममध्ये सगळे गप्पा मारत असताना हा पुस्तकात डोकं घालून बसायचा. याची किंमत त्याने निवृत्तीनंतर मोजली. इतका मोठा खेळाडू, पण एनबीएमध्ये मुख्य प्रशिक्षकाची नोकरी त्याला कुणीच दिली नाही. १९९८ मध्ये तो अॅरिझोनात, व्हाइट माउंटन अपाची या आदिवासी जमातीच्या वस्तीतल्या शाळेत वर्षभर सहायक प्रशिक्षक म्हणून राहिला, पगार एक डॉलर. २०१३ मध्ये त्याने 'एस्क्वायर' मासिकात तिशीत असताना कळायला हव्या होत्या अशा वीस गोष्टी लिहिल्या. त्यातली पहिलीच होती, लोकांत जास्त मिसळायला हवं होतं. मी तिशीतला आहे, ही ओळ मला लागली.

त्याच्यातला नागरिक मात्र वीस वर्षांचा असल्यापासून जागा होता. जून १९६७ मध्ये मोहम्मद अली यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यावर क्लीव्हलँडमध्ये जिम ब्राउन, बिल रसेल यांच्यासारखे दिग्गज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या पत्रकार परिषदेच्या फोटोत टेबलाशी बसलेला एक कॉलेजचा पोरगा दिसतो, तो हाच. पुढच्या वर्षी त्याने ऑलिम्पिक संघात जायचं टाळलं आणि तो उन्हाळा न्यूयॉर्कच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करण्यात घालवला.

निवृत्तीनंतर तो लेखक झाला. कृष्णवर्णीय संशोधकांवर मुलांसाठी पुस्तक, हार्लेमच्या इतिहासावर पुस्तक, अगदी शेरलॉक होम्सच्या भावावर कादंबरीसुद्धा. आणि स्तंभलेखन. २०१५ मध्ये पॅरिसच्या हल्ल्यानंतर त्याने 'टाइम'मध्ये लिहिलं की कू क्लक्स क्लॅन कुणाच्या अंगणात क्रॉस जाळते तेव्हा ख्रिस्ती माणसांना धर्माचा खुलासा कुणी मागत नाही. हे वाक्य आपल्याकडं भरपूर शेअर झालं. पण त्याच माणसाने जुलै २०२० मध्ये 'हॉलीवूड रिपोर्टर'मध्ये आपल्याच लोकांना सुनावलं. काही कृष्णवर्णीय खेळाडू आणि कलाकार यहुदीद्वेषी गोष्टी पसरवत होते, आणि त्यावर बाकीचे गप्प का, असं त्याने विचारलं. २०२१ मध्ये त्याने जाहीरपणे कोविडची लस घेतली आणि लस न घेणाऱ्या खेळाडूंना संघाबाहेर ठेवा म्हणाला. त्यांच्यात कायरी अर्विंग हा मुस्लिम स्टारही होता. हे लेख आमच्या ग्रुपवर आले नाहीत. त्या वर्षी आमच्या ग्रुपवर लशीत काय काय मिसळलंय याचे व्हिडिओ येत होते, आणि मी, घरातला शिकलेला पोरगा, 'कशाला वाद' म्हणून गप्प होतो. करीमचा पहिला लेख शेअर करायला हिंमत लागत नाही. ती दुसऱ्या प्रकारच्या लेखांना लागते.

२०१९ मध्ये त्याने आपल्या ट्रॉफ्या आणि चार विजेतेपदांच्या अंगठ्या लिलावात विकल्या. सगळं मिळून जवळपास ३० लाख डॉलर आले. मोठा वाटा त्याच्या 'स्कायहुक फाउंडेशन'ला, जे लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांतल्या मुलांना आठवडाभर जंगलातल्या शिबिरात नेऊन विज्ञान आणि गणित शिकवतं. ज्या मुलांनी त्याला कधी खेळताना पाहिलं नाही ती तिथं पाण्याचे नमुने तपासतात.

यंदाच्या रमजानमध्ये फोटो पुन्हा आला. मी माशाअल्लाह लिहिलं नाही. त्याऐवजी १९८५ च्या बसची गोष्ट लिहिली, सात-आठ ओळींत, मराठीत. लग्नाला न बोलावल्याचा भागही लिहिला. ग्रुपवर बराच वेळ शांतता. एका चाचांनी विचारलं, 'नमाज पढतो का पण तो?' आपाने निळा अंगठा टाकला.

रात्री तरावीहनंतर अब्बांचा फोन आला. ते ग्रुपवर काही लिहीत नाहीत, फक्त वाचतात. इकडचं तिकडचं बोलले, आंब्याच्या पेटीचा भाव सांगितला. मग म्हणाले, 'वो बस वाला किस्सा पढ्या मैं.'

'जी अब्बा.'

'बाप को बाजू में बिठाया, बोले ना तू. फिर? जीते क्या?'